ओंडक्यांना गाव विचारणारे दत्तूअण्णा

पुराच्या पाण्यातून वाहत आलेल्या ओंडक्याला "या पाव्हणं, गाव कंचं म्हणायचं?" असं विचारणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी पाहिला आहे. नुसता पाहिला नाही, त्याच्याबरोबर चार पावसाळे काढले आहेत, आणि एवढं होऊनही माझं डोकं ठिकाणावर आहे असं माझी आई लोकांना सांगत असते.

ज्युनियर इंजिनिअर म्हणून धरणावर माझी नेमणूक झाली तो पहिलाच दिवस. वरून पाऊस, खाली दोन दरवाजे उघडलेले, त्यांचा आवाज छातीत बसत होता. पुलावर एक माणूस माझ्याकडे पाठ करून उभा होता. डोक्यावर प्लास्टिकच्या पोत्याची खोळ, हातात पंधरा फुटी बांबू, बांबूच्या टोकाला लोखंडी आकडी. मी जवळ गेले तर म्हणाला, "गाव कंचं?"

मी नम्रपणे म्हणाले, "निपाणी."

त्याने वळून माझ्याकडे पाहिलं. "तुमास्नी न्हाय इचारलं म्याडम. ह्यास्नी इचारतोय." आणि आकडीने खाली दाखवलं. पाण्यात जांभळाचा एक भला मोठा ओंडका गोल गोल फिरत होता. तो काही उत्तर देत नव्हता, पण दत्तूअण्णांना ते मिळालं असावं, कारण त्यांनी मान हलवली आणि मग माझी चौकशी सुरू केली. निपाणीत कुठं, घरी कोण, वगैरे. आईने बिड्या वळून मला शिकवलं, असं मी सांगितल्यावर त्यांनी माझ्या हातांकडे नीट पाहिलं आणि "मग आकडी धरायला जमंल" असा निकाल दिला. माझ्या डिग्रीची चौकशी त्यांनी त्या दिवशी केली नाही आणि पुढेही कधी केली नाही.

दत्तूअण्णांचं काम काय, ते आधी सांगते, नाहीतर ते वेडे वाटतील. आमचं धरण लहान, पाच दरवाज्यांचं. पावसाळ्यात नदीला खानापूरकडच्या रानातून पाणी येतं, आणि पाणी काही एकटं येत नाही. उन्मळलेली झाडं, बांबूची बेटं, कुणाच्या गोठ्याचे खांब, सगळं बरोबर घेऊन येतं. ते अडवायला दरवाज्यांच्या पुढे या काठापासून त्या काठापर्यंत रिकाम्या लोखंडी पिंपांची माळ पाण्यावर सोडलेली असते. लाकडं त्या माळेला येऊन थटतात. मग अण्णा आणि त्यांची चार माणसं होडीतून जाऊन, आकडीने ओढत ओढत ती काठाला लावतात, आणि तिथून ट्रॅक्टर ती वर काढतो. एखादा ओंडका माळ चुकवून दरवाज्याखाली शिरला आणि आडवा बसला, तर दरवाजा बंद होत नाही. दरवाजा बंद झाला नाही तर खालच्या गावांत काय होतं, हे मी इथे लिहीत नाही. तेव्हा हे काम चेष्टेचं नाही. करणारा माणूस मात्र चेष्टेचा होता.

झाडांचा स्वभाव अण्णांना पाठ. निलगिरी म्हणजे सरकारी मानूस, दिसायला सरळ, पण कामाचा न्हाय. बाभूळ भांडकुदळ, येताना दहा जणांच्या झिंज्या धरून येणार. आंबा लाडावलेला, पाणी पिऊन फुगतो आणि मग चार माणसांना उचलत नाही. बांबू कधी एकटा यायचा नाही, वऱ्हाड घेऊनच येणार, आणि वऱ्हाडातल्या एकालाही सरळ उभं राहता यायचं नाही. फणसाबद्दल मात्र ते वाईट बोलत नसत. "फनस म्हंजे थोरला भाऊ. वरनं खडबडीत." यावर कुणी हसलं की ते आकडीचं टोक त्याच्या पायाजवळ आपटत.

रविवारी बेळगावहून लोक धरण बघायला येतात. एकदा उद्यमबागेतल्या कारखान्यांतली सात-आठ पोरं मोटारसायकली घेऊन आली. फोटो काढता काढता त्यातल्या एकाने अण्णांना विचारलं, आज पाणी किती सोडलंय. अण्णा म्हणाले, पाण्याचं म्याडमला विचारा, लाकडाचं मला विचारा. मग त्यांनी त्याला दीड तास लाकडाचं सांगितलं. पोरगा पुढच्या रविवारी आला नाही, पण जाताना अण्णांच्या पाया पडून गेला.

एकदा बेळगावहून मोठे साहेब तपासणीला आले. अण्णा होडीत उभे राहून एका सागाच्या खोडाशी बोलत होते, ते साहेबांनी पुलावरून ऐकलं. साहेब कन्नडमध्ये कडाडले, हा माणूस ड्यूटीवर कुणाशी गप्पा मारतोय? अण्णांनी खालूनच "आयतु सार" म्हटलं, म्हणजे बरं साहेब. आणि खोडाकडे वाकून हळूच म्हणाले, "साहेब आल्यात, मागनं बोलू." हे साहेबांनाही ऐकू आलं. त्यांना मराठी येत नाही असं आम्ही तोवर समजत होतो, पण त्यांच्या मिशीखाली हसू फुटलं आणि आमचा समज दुरुस्त झाला.

साहेब तेव्हा हसले ते काही उगाच नाही. आदल्याच वर्षी तीन नंबरच्या दरवाज्यात एक ऐनाचं खोड आडवं बसलं होतं, तेव्हा ते तिथे होते. मी आणि साहेब दोघेही पुस्तक शिकलेले. आम्ही म्हणालो, साखळी बांधा आणि क्रेनने ओढा. अण्णा मला म्हणाले, आडव्या पाव्हण्याला वढायचं नसतंय, त्याला वळायला जागा द्यायची असती. त्यांनी शेजारचा चार नंबरचा दरवाजा हातभर वर घ्यायला लावला. पाण्याची ओढ तिकडे फिरली, खोडाचं बूड हललं, ते आपोआप सरळ झालं आणि अंग चोरून खाली निघून गेलं. तीन नंबर बंद झाला. साहेबांनी तिथल्या तिथे अण्णांना आपली छत्री बक्षीस दिली. अण्णा ती कधीच उघडत नसत. देवाशेजारी खुंटीला टांगून ठेवली होती.

आता मुख्य खोड. म्हणजे अण्णांची.

लाकडाचं गाव ओळखण्यावर त्यांचं समाधान नव्हतं. घरातली वस्तू वाहत आली की ती मालकाला घरपोच करायची, हा त्यांचा नेम. मुसळाचं बूड कसं कातरलंय, खांबाला खाच कुणी पाडलीय, यावरून ते सुतार ओळखत, सुतारावरून गाव आणि गावावरून घर. मग सुट्टीच्या दिवशी ती वस्तू मोपेडला बांधायची आणि निघायचं. पाट, परात ठेवायची तिवई, दळणाचा खुंटा, एकदा तर गणपतीचं अख्खं मखर. लोक खूष होत. चहा पाजत. अण्णांची छाती फुगे.

या नेमातच त्यांनी तो घोटाळा केला. आमच्या भागात काही गावांत अशी रीत आहे की घरातलं वडीलधारं माणूस गेलं की त्याची बाज आणि अंथरूण नदीला सोडतात. ती परत घरात यायची नसते. हे अण्णांना माहीत नव्हतं असं नाही. पण श्रावणात एक बाज वाहत आली, तिचा एक पाय कडुलिंबाचा आणि तीन सागाचे, आणि तो कडुलिंबाचा पाय अण्णांनी ओळखला. ही बाळाप्पाची. ओळखल्याचा आनंद एवढा झाला की पुढचा विचारच राहिला. बाळाप्पा गेल्याचं त्यांच्या कानावर आलं नव्हतं.

ते बाज घेऊन पोचले तो बाळाप्पाच्या बाराव्याचा दिवस. अंगणात पंगत बसलेली. अण्णा डोक्यावर बाज घेऊन थेट पंगतीच्या मधून आत गेले आणि ओसरीवर ती ठेवून म्हणाले, "घ्या तुमच्या आप्पांची बाज. पाय जरा हलत हुता, मी पाचर मारलीया."

पंगतीतले हात तिथल्या तिथे थांबले. थोरल्या सुनेच्या हातातून आमटीचं भगुणं सुटलं. बाळाप्पाचा मुलगा अण्णांच्या अंगावर धावून जाणार, एवढ्यात आतून बाळाप्पाची म्हातारी बाहेर आली. तिने बाजेकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारून म्हणाली, "जित्तेपनी ह्यो मानूस कधी घर सोडून गेला न्हाय, आता मेल्यावर बी परत आला बगा." आणि हसायला लागली. बारा दिवसांत ती पहिल्यांदा हसली, असं नंतर तिच्या सुनेनेच सांगितलं. मग सगळी पंगत हसली. अण्णांना जेवायला वाढलं, पण एका अटीवर. जाताना बाज घेऊन जायची. ती बाज अजून अण्णांच्या क्वार्टरमध्ये आहे आणि अण्णा तिच्यावरच झोपतात. मी विचारलं, भीती नाही वाटत? म्हणाले, बाळाप्पा लई गुणाचा, घोरत बी न्हाय.

अण्णांनी लग्न केलं नव्हतं. कारण विचारलं की म्हणत, पावसाळ्यात लाकडं, उन्हाळ्यात दरवाज्यांना ग्रीस, थंडीत कोन लगीन करतंय? एक बहीण होती, शांताक्का, तिकडे वरच्या अंगाला नदीकाठच्या एका गावात दिलेली. तिचं नाव निघालं की अण्णा विषय बदलत. कारण होडीवाल्या इराप्पाने मला सांगितलं. नऊ वर्षांपूर्वी शांताक्काच्या एकुलत्या मुलाचं लग्न होतं. मामाचा फेटा अण्णांचा. पण मे महिना, दरवाज्यांच्या ग्रीसचं काम, सकाळची एसटी वाटेत बंद पडली, आणि अण्णा मांडवात पोचले तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. मामाचा फेटा कुठल्याशा चुलतभावाच्या डोक्यावर होता. अण्णा मांडवाच्या दारातूनच परत फिरले. ते म्हणत, तिनं दहा मिनटं थांबाया पायजे हुतं. ती म्हणे, त्यानं दहा पावलं पुढं याया पायजे हुतं. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. आमच्याकडे नागपंचमीला भाऊ बहिणीला माहेरी न्यायला जातो. नऊ पंचम्या कुणी गेलं नाही.

गेल्या आषाढाच्या अखेरची गोष्ट. पंचमी आठ दिवसांवर आली होती आणि पाऊस तीन दिवस उघडला नव्हता. चार दरवाजे उघडे. सकाळपासून माळेला एवढी लाकडं थटली होती की पिंपं दिसत नव्हती. माळ तुटली तर सगळं एकदम दरवाज्यांवर येणार, म्हणून अण्णा पहाटेपासून होडीत होते. मी पुलावरून बघत होते. वारा आला की त्यांचं बोलणं तुटक तुटक ऐकू येई. या पाव्हणं, असं इकडं. तुमी मागं सरा, बाईमानूस पुढं येतीया.

अकराच्या सुमाराला त्यांनी एक फळी आकडीने ओढली. लांबरुंद, काळपट, चार कोपऱ्यांना पितळी कड्या. झोपाळ्याची फळी. ती त्यांनी होडीत घेतली आणि तिच्यावरून हात फिरवला. त्यानंतर अण्णांचं बोलणं थांबलं. दोन ओंडके आले, गेले. तिसरा आला. अण्णांनी एकालाही गाव विचारलं नाही. आकडी चालू होती, तोंड बंद. इराप्पाने खालून मला हाक मारली आणि सांगितलं की अण्णांचं काहीतरी बिनसलंय, मी काठावर यावं.

मी गेले तेव्हा अण्णा काठाला होते. फळी चिखलात नव्हती ठेवली, स्वतःची खोळ पसरून तिच्यावर ठेवली होती. डोकं भिजत होतं. मी विचारलं, कुणाची?

"शांतीची," ते म्हणाले. "फनसाची हाय. ह्याच नदीतनं काडून मी केलीती, तिच्या पयल्या पंचमीला. सोप्यात टांगल्याली असती म्याडम. आत. घर उभं हाय तवर ही भाईर येत न्हाय."

 मी म्हणाले, तसंच असेल असं नाही.

"म्या गावं का इचारतो, ठावं हाय?" ते फळीकडेच बघत म्हणाले. "लोकास्नी वाटतंय येडा हाय. तिचं घर काठाला हाय. तिच्या गावचं लाकूड आलं का, एवडंच बगत हुतो. रोज. न्हाय आलं की बरं वाटायचं. समद्यांचं आलं, तिचं कदी आलं न्हाय."

चार वर्षं मी या माणसाला हसत होते. मला त्या क्षणी स्वतःची फार लाज वाटली.

फोन का करत नाही, असं विचारलं तर नंबर नव्हता. म्हणजे होता. काठावरच्या सगळ्या गावांच्या ग्रामपंचायतींचे नंबर पुराच्या यादीत आमच्या ऑफिसच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावलेले असतात. अण्णा नऊ वर्षं त्या भिंतीकडे पाठ करून चहा पीत आले होते. मी धावत जाऊन नंबर उतरवून आणला आणि माझ्या मोबाइलवरून लावला. तिकडच्या क्लार्कने सांगितलं, नदीकडची आळी काल संध्याकाळीच इथं शाळेत हलवलीय, सगळी माणसं सुखरूप आहेत, थांबा, शांताक्काला बोलावतो. मी हे अण्णांना सांगितलं, तरी त्यांचा विश्वास बसत नव्हता. पाच मिनिटं ते आकडी या हातातून त्या हातात घेत राहिले. मी फोन स्पीकरवर टाकला.

"कोन बोलतंय?" एक खणखणीत आवाज आला.

अण्णा ओल्या दगडावर बसले. मी फोन त्यांच्यापुढे धरला. त्यांनी हाताने तो माझ्याकडेच सारला आणि म्हणाले, "म्याडम, तिला इचारा, घर हाय का गेलं."

मी विचारायच्या आधीच तिकडून उत्तर आलं. "त्येला सांगा, घर हाय. सोप्यात गुडघाभर पानी हाय, पर भिताड घट हाय."

"मग फळी कशी आली इचारा."

"त्येला सांगा, मी सोडली."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी फोनकडे पाहिलं. इराप्पा होडीची दोरी बांधत होता, त्याने ती अर्धीच ठेवली.

"सोडली?" अण्णा ओरडलेच. "आगं, तसली फनसाची फळी? आनि मी न्हाय धरली आसती तर? दारातनं खाली गेली आसती तर?"

"तुज्या हातनं लाकूड सुटतंय व्हय?" आवाज जरा खाली आला. "नऊ वर्सं ऐकतीया, धरनावरचा दत्तूअण्णा समद्यांचं सामान घरपोच करतोय. ह्याचं मुसळ, त्याचा खांब. पानी सोप्यात आलं तवा म्हटलं, बगू, माजं आनतोय का."

 फोनमधून शाळेच्या पत्र्यावरचा पाऊस ऐकू येत होता. अण्णांनी आकडी खाली ठेवली. मग माझ्याकडे बघत म्हणाले, "तिला म्हनावं, पानी उतरलं की..."

"म्याडमला का सांगतोस? मी काय बहिरी झालीया?"

अण्णांनी माझ्या हातातून फोन घेतला. दोन्ही हातांनी धरला, तान्हं मूल धरावं तसा.

"शांते," ते म्हणाले, "पंचमीला न्यायला येतो गं."

 पलीकडे ती रडत होती, हे मला कळलं. अण्णांनाही कळलं असावं, कारण ते फोन कानाला लावून उठले आणि माझ्याकडे पाठ करून काठाकाठाने चालू लागले. माझे डोळे भरून आले होते आणि इराप्पा माझ्याकडे बघत होता, म्हणून मी त्याच्यावर उगाच ओरडले, माळेवर लाकडं वाढताहेत, दिसत नाही का. तो शहाणा माणूस, दुसऱ्या दोघांना घेऊन होडीत बसला.

पुराच्या दिवसांत पाण्याची पातळी दर तासाला बेळगावला कळवायची असते, आणि ती मी माझ्या मोबाइलवरून कळवते. त्या दुपारी मी तीनदा भिजत ऑफिसापर्यंत चालत गेले आणि तिथल्या जुन्या लँडलाइनवरून पातळी कळवली, पण अण्णांकडे फोन मागितला नाही.